पाटीच्या दगडावरची द्राक्षे : मोझेलच्या खोऱ्यातले पाच दिवस

जर्मनीतल्या मोझेल नदीचे खोरे पाहायचे ठरले, ते एका अगदी साध्या प्रश्नामुळे. द्राक्ष एकच, रीसलिंग, नदी एकच, गावे एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर, तरीही या उतारावरची वाइन त्या उतारावरच्या वाइनसारखी लागत नाही, असे जो तो सांगतो. हे खरोखर जिभेला कळते की केवळ बाटलीवरची चिठ्ठी वाचून वाटते, याविषयी माझे आणि दादाचे एकमत होत नव्हते. दादाने आयुष्यभर जमिनीच्या मोजणीचे काम केले असल्यामुळे उतार दिसला की त्याचा कोन काढल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. मला वाइनमधले थोडेफार कळते आणि चालायला आवडते. एवढ्या भांडवलावर ऑक्टोबरच्या मध्याला, रीसलिंगची तोडणी अजून चालू असताना, आम्ही ट्रिअरला उतरलो.

पहिला दिवस : ट्रिअर

दिवसभर पाऊस होता, त्यामुळे रोमनांनी दुसऱ्या शतकात उभारलेली पोर्टा निग्रा ही काळवंडलेली वेस छत्रीखालूनच पाहिली आणि उरलेला वेळ ऱ्हाइन प्रांताच्या पुरातत्त्व संग्रहालयात काढला. तिथे नॉयमागेन गावात १८७८ साली सापडलेले एक दगडी शिल्प आहे : पिंपांनी भरलेले गलबत, वल्ही मारणारे खलाशी, आणि त्यांच्यातला एक चक्क हसतो आहे. इसवी सन २२० च्या सुमारास कुणा वाइन व्यापाऱ्याच्या थडग्यावर ते कोरले गेले. म्हणजे हा व्यापार इथे किमान अठराशे वर्षे चालू आहे, आणि तोही जगाच्या नकाशावर पन्नासाव्या अक्षांशाच्या आसपास, जिथे द्राक्ष पिकणे ही मुळातच उधारीवरची गोष्ट आहे. इतक्या उत्तरेला सपाट रानात लावलेली रीसलिंग पूर्वीच्या थंड हवामानात बहुतेक वर्षी आंबटच राहिली असती. ती पिकते कशी, हेच पुढचे चार दिवस पाहायचे होते. (हे संग्रहालय सोमवारी बंद असते. ट्रिअरमध्ये मुक्काम ठेवणाऱ्यांनी पहिला दिवस निवडताना हे लक्षात घ्यावे.)

दुसरा दिवस : निट्टेल आणि विल्टिंगेन

सकाळी पाऊस थांबला. नदीच्या उगमाच्या दिशेला जाणारी छोटी गाडी धरून आम्ही निट्टेलला गेलो. पलीकडचा काठ लक्झेंबर्गचा. इथे पाहिले ते अपेक्षेपेक्षा अगदी निराळे निघाले : गावामागे पांढुरके कडे, आणि मळ्यांतली माती फिकट व चिकट. हा चुनखडीचा प्रदेश आहे. भूगर्भाच्या दृष्टीने तो पॅरिसच्या खोऱ्याचा पूर्वेकडचा काठ समजला जातो. पाटीचा दगड, ज्यासाठी मोझेल प्रसिद्ध आहे, तो इथे औषधालाही नाही.

त्यामुळे रीसलिंगही जवळपास नाही. इथे एल्बलिंग नावाची फार जुनी जात पिकते. एका मळेवाल्या आजींच्या अंगणात आम्ही ती चाखली : हलकी, लिंबासारखी सरळ आंबट, वासाला फारसे काही नाही, पण तहान मात्र भागवणारी. आजींना आपल्या वाइनचा गर्व नव्हता आणि संकोचही नव्हता. "ती खाली बर्नकास्टेलची वाइन वर्णन करण्यासाठी, आमची पिण्यासाठी," असे त्या म्हणाल्या. बर्नकास्टेल म्हणजे नदीच्या खालच्या अंगाचे नावाजलेले गाव, आमचा पुढचा टप्पा. एल्बलिंगच्याच द्राक्षाची फसफसती वाइन मात्र मला मनापासून आवडली, कारण तिथे आंबटपणा हाच गुण ठरतो. दगड बदलला की एकाच नदीच्या काठावर पीकच बदलते, हा पहिला धडा असा सहज मिळाला.

दुपारी कोन्त्सला गाडी बदलून आम्ही सार या उपनदीच्या काठी विल्टिंगेनला पोचलो. इथून मैलभरावर शार्त्सहोफबर्ग हा नावाजलेला उतार आहे, आणि तो नदीच्या काठावर नसून आडव्या दरीत आहे, हे महत्त्वाचे. मोझेलच्या मुख्य खोऱ्यात कडे वारा अडवतात आणि पाणी उष्णता धरून ठेवते. इथे दरी रुंद, वारा मोकळा, आणि उन्हातही मला मफलर काढवेना. पाटीचा दगड आहे, उतार आहे, दक्षिणेचे तोंड आहे, पण हवा दोन घास थंड आहे. त्यामुळे मण्यांतले आम्ल शेवटपर्यंत टिकते आणि वाइन सुरीसारखी धारदार होते. जुन्या काळी दहा वर्षांतली तीन-चार वर्षेच साधत, असे इथली माणसे सांगतात. आता उन्हाळे तापू लागल्यापासून हाच थंडावा त्यांचे भांडवल झाला आहे.

अर्थात थंडावा फुकट मिळत नाही. २०२४ च्या एप्रिलअखेरीस, वेलींचे डोळे फुटून कोवळी पाने आली असताना, दव गोठवणारी कडाक्याची थंडी पडली आणि सार व रूवर या दोन उपखोऱ्यांत फार मोठे नुकसान झाले. थंड हवा जड असते. रात्री ती पाण्यासारखी उतारावरून ओघळत तळाशी साचते. आम्हाला वाट दाखवणाऱ्या तरुण मळेवाल्याने हाताने हवेत एक रेघ ओढून, "या रेषेखालचे सगळे गेले, वरचे थोडेफार वाचले," असे सांगितले. उताराचा मधला पट्टा सर्वांत महाग का असतो, हे त्या एका रेघेने जितके समजले तितके पुढे कुणीही समजावून सांगितले नाही.

तिसरा दिवस : बर्नकास्टेल ते वेलेन

बर्नकास्टेलला रेल्वे जात नाही. ट्रिअरहून कोब्लेंट्सकडे जाणारी गाडी मधल्या टप्प्यात नदी सोडून आतून धावते. वित्लिशला उतरून बस पकडावी लागते, एवढे ध्यानात ठेवले की बाकी प्रवास सोपा आहे. गाव सुरेख, लाकडी चौकटींच्या जुन्या घरांचे, आणि म्हणूनच गर्दीचे. आम्ही चौकात फार न रेंगाळता उजव्या काठाने ग्राखमार्गे वेलेनकडे चालू लागलो. अंतर दोन तासांचे, पण आम्हाला पाच लागले.

गावाच्या छपरांना टेकूनच 'डॉक्टर' नावाचा मळा सुरू होतो. चौदाव्या शतकात ट्रिअरचा आजारी आर्चबिशप इथल्या वाइनने बरा झाला, अशी दंतकथा त्या नावामागे आहे. मळा जेमतेम सव्वातीन हेक्टरांचा. त्याच्याही पायथ्याशी जमिनीवर जे पसरले होते त्याला माती म्हणवेना. निळसर करड्या पाटीच्या दगडाच्या कपच्या, तळहाताएवढ्या, एकावर एक सरकणाऱ्या. शाळेतली पाटी फुटल्यावर जसे तुकडे होत, अगदी तसे. सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वी समुद्रतळाशी साचलेला चिखल दाबाखाली कठीण होऊन हा दगड झाला. त्याचे थर उभे-तिरपे चिरलेले असल्यामुळे पावसाचे पाणी थांबत नाही, आणि वेलीला ओलाव्यामागे चिरांतून खोल जावे लागते. वरच्या सुट्या कपच्या मात्र आच्छादनाचे काम करतात : पाऊस थेट मातीवर आपटत नाही, ओल लवकर उडत नाही, आणि दिवसभर शोषलेली उष्णता संध्याकाळनंतर हळूहळू परत मिळते.

आणखी एक उपकार या दगडाने केला. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतून आलेल्या फायलोक्सेरा या मुळे पोखरणाऱ्या किडीने युरोपचे मळे उजाड केले आणि त्यानंतर जवळपास सगळीकडे अमेरिकन खुंटावर कलम करणे भाग पडले. कपच्यांच्या या जमिनीत ती कीड नीट जगत नाही, त्यामुळे मोझेलमध्ये स्वतःच्या मुळांवर उभ्या असलेल्या जुन्या वेली अजूनही आढळतात. आमच्या वाटेवरच्या एका ओळीतले बुंधे दादाच्या मनगटाहून जाड होते.

वेली तारांवर चढवलेल्या नव्हत्या. प्रत्येक वेलीला स्वतंत्र लाकडी मेढ, आणि दोन काड्या दोन बाजूंनी वाकवून खाली बांधलेल्या, त्यामुळे समोरून बदामाचा आकार दिसतो. एवढ्या उतारावर तारांची रांग आडवी आली तर माणसाला फक्त खालीवरच जाता येईल. मेढी सुट्या असल्या की हवे तसे आडवेही फिरता येते. शिवाय वारा आरपार खेळतो आणि आपले बागायतदार ज्यांना भुरी नि डावण्या म्हणतात, ते दोन्ही रोग थोडे आटोक्यात राहतात.

ग्राखच्या खाली वाट वळली आणि पायाखालची जमीन बदलली. कपच्यांमध्ये चिकणमाती दिसू लागली, थर खोल झाला. इथल्या वेली कोरड्या उन्हाळ्यात तग धरतात आणि वाइन अंगाने भरलेली होते. पुढे वेलेनच्या समोर तोच थर पुन्हा विरळ होतो. एका मळेवालीने दोन्ही ठिकाणची त्याच वर्षाची वाइन शेजारी ठेवली, तेव्हा मला फरक चटकन कळला : ग्राखची आधी जिभेवर बसणारी, वेलेनची तरंगत जाणारी. दादाने डोळे मिटून तीनदा चाखून दोनदा बरोबर ओळखले आणि तीन वेळा हा नमुना फार लहान आहे, असा शेरा मारला.

वेलेनचे प्रसिद्ध सूर्यघड्याळ, १८४२ साली मळ्यातल्या कड्यावर बसवलेले, दूरवरून दिसते. कामगारांना वेळ कळावी म्हणून ते बांधले गेले. त्याच्या पायथ्याशी भिंतीवर बसून दादाने कागद काढला. इथे जूनमध्ये भर दुपारी सूर्य क्षितिजापासून सुमारे ६३ अंश वर असतो. ऑक्टोबरच्या मध्याला फक्त ३१ अंश. सपाट जमिनीवर ऑक्टोबरचे ऊन तिरपे पडून पसरते. दक्षिणेकडे ३० अंश झुकलेल्या उतारावर मात्र त्याच उन्हाची दुपारची धग जवळजवळ पावणेदोन पट होते. "आणि जूनमध्ये?" मी विचारले. "अगं, हीच तर गंमत आहे. जूनमध्ये फायदा जेमतेम दहा-बारा टक्के." म्हणजे हा उतार उन्हाळ्यात फारसे काही देत नाही, तो देतो शरद ऋतूत, जेव्हा सपाटीवरची वेल थांबलेली असते आणि रीसलिंगसारख्या उशिरा पिकणाऱ्या जातीला अजून तीन आठवडे हवे असतात. त्या लांबलेल्या दिवसांत मण्यांत साखर चढत राहते आणि थंड रात्रींमुळे आम्ल जळून जात नाही. या वाइनचा गोड-आंबट तोल मला तोवर केवळ कारागिरी वाटत होता, त्याची निम्मी उकल त्या कागदावर झाली.

उरलेली निम्मी उकल तळघरात होते. थंडीत आंबवण मध्येच थांबवली की थोडी साखर शिल्लक राहते आणि मद्यार्क आठ टक्क्यांच्या आसपास राहतो. एवढ्या आम्लासमोर ती साखर गोड लागत नाही, गोल लागते.

समोरच्या काठाकडे पाहिले तर तिथे घरे, भाजीचे वाफे, तंबूंचे मैदान. नदी सतत वळत असल्यामुळे दक्षिणेचे तोंड कधी या काठाला येते, कधी त्या; गाव सपाटीवर आणि त्याचा उत्तम मळा बरेचदा पाण्यापलीकडे. रीसलिंगही सगळीकडे आपोआप आलेली नाही. १७८७ साली ट्रिअरच्या शासक आर्चबिशपने हलक्या जाती उपटून चांगल्या लावाव्यात असा हुकूम काढला होता, आणि विसाव्या शतकात पुन्हा सपाट रानांत म्युलर-थुर्गाऊ ही लवकर पिकणारी, भरघोस उत्पन्नाची जात पसरली. सपाटीवर तीच शहाणपणाची होती. बिघडले ते एवढेच, की दोन्हींच्या बाटल्यांवर गिऱ्हाइकाला जवळपास सारखीच नावे दिसू लागली.

चालणाऱ्यांसाठी : मळ्यांतली पायवाट सोडू नये आणि घड तोडू नये, तोडणीच्या दिवसांत काही वाटा बंदही असतात. गुळगुळीत तळाचे बूट कपच्यांवर घसरतात. गाडी चालवणाऱ्यांना रक्तातल्या मद्याची मर्यादा हजारी अर्धा भाग इतकीच आहे, तेव्हा चाखायचे असेल तर बस बरी.

चौथा दिवस : उर्त्सिग आणि एर्डेन

उर्त्सिगला बसमधून उतरताच डोंगर लाल दिसला. हजारो एकर निळा-करडा दगड पाहून आल्यावर तो रंग अंगावर येतो. इथे पाटीच्या दगडाबरोबर पर्मियन काळातला, म्हणजे पाटीच्या दगडानंतर बनलेला, ज्वालामुखीजन्य खडक आणि लाल वालुकाश्म उघडा पडला आहे, लोहामुळे तांबडा झालेला. मळ्याचे नाव व्युर्त्सगार्टेन, म्हणजे मसाल्यांची बाग. वाइनलाही खरोखर मसालेदार, पिकल्या फळाचा वास येतो आणि ती वेलेनच्या वाइनपेक्षा रुंद वाटते.

इथल्या मळेवाल्या काकांचे ठाम मत होते की ही चव दगडातूनच येते. दादाने शांतपणे एक लाल तुकडा उचलला, रुमालाने पुसला आणि चाटला. "चव शून्य," त्याने जाहीर केले. काका मनापासून हसले, पण मत बदलले नाही. माझा कौल दादाच्या बाजूने आहे. वेलीची मुळे दगड खात नाहीत. पाण्यात विरघळलेले क्षार तेवढे घेतात, आणि त्यांचे वाइनमधले प्रमाण जिभेला जाणवण्याइतके नसते. दगड चव देत नाही, परिस्थिती देतो : किती खोल, किती ओल, किती ऊब, किती उशीर. मात्र 'पाटीसारखी' हा शब्द मी टाकून देणार नाही. पावसाने भिजलेल्या त्या उतारावर येणारा गंध आणि पेल्यातला गंध यांत साम्य मला जाणवते. ते साम्य आहे, कारण नव्हे.

पूल ओलांडला की एर्डेन. त्या गावाच्या, पण उर्त्सिगच्याच काठावर असलेल्या, ट्रेप्शेन या मळ्याच्या नावाचा अर्थच छोट्या पायऱ्या. शेजारच्या प्रेलाट नावाच्या चिमुकल्या तुकड्याला मागे कडे आणि पुढे नदी अशी दुहेरी ऊब मिळते. एके काळी ही सर्वांत हेवा करण्याजोगी जागा होती. २०१९ च्या जुलैतल्या विक्रमी उष्म्यात मोझेलमध्ये अनेक ठिकाणी मणी उन्हाने भाजले, आणि त्याच साली जर्मनीत आइसवाइनही साधली नाही. तिच्यासाठी मणी वेलीवरच उणे सात अंशांखाली गोठावे लागतात. काका आता घडांवरची पाने पूर्वीसारखी काढत नाहीत, सावलीसाठी ठेवतात. त्यांचे वडील प्रत्येक पान उन्हासाठी काढत असत.

या दोन गावांजवळच सुमारे १६० मीटर उंचीचा महामार्गाचा पूल दरीवरून गेला आहे, तो २०१९ च्या नोव्हेंबरात खुला झाला. त्याला विरोध झाला तो केवळ दिसण्यावरून नव्हे. डोंगरमाथ्यावरच्या रानात मुरलेले पाणी चिरांतून झिरपत मळ्यांना मिळते, आणि वर कापाकापी झाली तर तो झिरपा बदलेल, अशी भीती होती. काकांनी एवढेच म्हटले, की वेल तिचा हिशेब पन्नास वर्षांनी सांगते.

याच दिवशी आमची फजिती झाली. या मोसमात अर्धवट आंबलेला, गढूळ आणि गोडसर रस मिळतो, त्याला फेडरवाइसर म्हणतात, आणि कांद्याच्या गरम खारट केकबरोबर तो अप्रतिम लागतो. तो बाटलीतही आंबतच असल्यामुळे बूच घट्ट लावत नाहीत. मी बाटली पिशवीत आडवी ठेवली. बसमध्ये दादाच्या नकाशाला, रुमालाला आणि त्या हिशेबाच्या कागदाला रसाचा अभिषेक झाला. बाटली उभीच धरावी आणि त्याच दिवशी संपवावी.

पाचवा दिवस : काल्मोंट

सकाळी दरीत दाट धुके होते. एडिगर-एलरला उतरलो तेव्हा नदीही दिसत नव्हती. हे धुकेसुद्धा पिकाचा भाग आहे : ओल्या सकाळी आणि कोरड्या दुपारी असे काही दिवस लागोपाठ मिळाले, तर एक विशिष्ट बुरशी मण्यांतले पाणी उडवून साखर दाट करते, आणि तिच्यापासून सर्वांत गोड व महाग वाइन होते. दुपारी ऊन पडलेच नाही, तर तीच बुरशी नुसती कुज ठरते.

अकराच्या सुमारास धुके फाटले आणि काल्मोंट दिसला. युरोपातला हा सर्वांत उभा द्राक्षमळा समजला जातो. त्याच्या काही भागांचा उतार ६५ अंशांपर्यंत आहे. दादाने यंत्र धरले, आकडा पाहिला, आणि आयुष्यात पहिल्यांदाच मोजणी पुन्हा न करता यंत्र खिशात ठेवले. ब्रेमकडे जाणाऱ्या पायवाटेवर तारा, लोखंडी खुट्या आणि शिड्या आहेत. तीन तास धरून चालावे, पाऊस पडला असेल तर जाऊ नये, आणि उंचीची भीती असणाऱ्यांनी माथ्यावरच्या सोप्या वाटेने जावे.

वेली दगडी भिंतींनी तोललेल्या एवढ्याशा पट्ट्यांवर उभ्या आहेत. एका पट्टीवर मी मोजल्या, अकरा. ट्रॅक्टर इथे येणे शक्यच नाही. एका दातेरी रुळावरून चालणारे छोटे यंत्र माणसे आणि पेट्या वर-खाली करते, बाकी सगळे पाठीवरून. अनेक पट्ट्या पडीक झाल्या आहेत, काटेरी झुडपांनी भरल्या आहेत, आणि मधूनच एखादी नवी लागवड दिसते. उन्हाचा हिशेब इथे पूर्ण जुळतो : ३१ अंशांवरचा सूर्य आणि साठ अंशांचा उतार, म्हणजे ऑक्टोबरची किरणे जवळजवळ काटकोनात. बाराच्या सुमारास मी स्वेटर काढला. खाली सावलीतल्या नदीवर धुक्याचा धागा अजून होता.

संध्याकाळी एलरमध्ये एका मळेवालीच्या अंगणातल्या खाणावळीत बसलो. वर्षातून फार तर चार महिनेच, आणि चाळीस आसनांपर्यंतच, अशा खाणावळी चालवता येतात. दाराशी झुडपाची फांदी टांगलेली असली की त्या उघड्या समजाव्यात. इथे पैसे रोख द्यावे लागले. काल्मोंटची कोरडी रीसलिंग आली : अंगाने भरलेली, पिवळ्या पीचच्या वासाची, वेलेनच्या नाजूकपणापासून फार दूर. ती ऊन प्यालेली होती, हे मला चिठ्ठी न वाचताही कळले असते. दादानेही या वेळी नमुन्याच्या आकाराबद्दल काही म्हटले नाही.

सूर्य जाऊन तास झाला तरी अंगणाची दगडी भिंत पाठीला उबदार लागत होती. निघताना दादाने जरा ओशाळून खिशातून पाटीच्या दगडाचे दोन तुकडे काढले आणि वाटेत उचलले, परत ठेवू का, असे विचारले. बाईंनी हात झटकले. हिवाळ्यात पावसाने घसरून आलेल्या कपच्या दर वसंतात पाठीवरून पुन्हा वर न्याव्या लागतात, त्या म्हणाल्या. दोन कमी झाल्या तर तेवढेच ओझे हलके.